पेटींतलें सोनें आणि दूरदेशचें राजकारण

लग्नसराई जवळ आली म्हणजे घरोघर सोन्याच्या भावाची चौकशी सुरू होते. वर्तमानपत्राचें जें पान एरवीं कोणी उलगडूनहि पाहत नाहीं, तें आजीबाई नातवाकडून मोठ्यानें वाचवून घेतात, आणि भाव चढलेला निघाला कीं सराफ, सरकार व कलियुग या तिघांना सारखाच दोष देऊन मोकळ्या होतात. कलियुगाचा न्याय पुराणिकबुवांवर सोपवूं. सराफ बिचारा बहुतेक वेळां निर्दोष असतो. तो मुंबईच्या भावावर चालतो आणि मुंबई लंडन-न्यूयॉर्कच्या भावावर चालते. राहतां राहिलें सरकार. त्याचा हात या प्रकरणांत पुष्कळदां असतो यांत शंका नाहीं. परंतु तें सरकार नेहमीं आपलेंच असतें असें मात्र नाहीं. आजीच्या पाटल्यांची किंमत बर्लिनमध्यें, लंडनमध्यें किंवा वॉशिंग्टनमध्यें बसलेल्या मंत्र्यांनीं ठरवावी, आणि त्यांना त्या पाटल्यांची वार्ताहि नसावी, हा व्यवहार गेलीं दीडशें वर्षें चालू आहे. राज्यकर्त्यांचे निर्णय व परदेशांतील घडामोडी देशाच्या अर्थकारणांत कशा शिरतात हें समजून घ्यावयाचें तर जाडजूड ग्रंथ चाळण्यापूर्वीं घरांतली दागिन्यांची पेटी उघडून पाहावी, असें आम्हांस वाटतें.

मुळांत आपल्या देशांत सोनें पिकत नाहीं म्हटलें तरी चालेल. म्हैसूरकडील कोलारच्या खाणी ही काय ती मोठी जागा, आणि त्याहि २००१ सालीं बंद झाल्या. जें सोनें घरोघर आहे तें बहुतेक सर्व बाहेरून, मालाच्या मोबदल्यांत आलेलें आहे. हिंदुस्थानच्या मालापायीं रोमन साम्राज्याचा पैसा दरसाल तिकडे वाहून जातो, म्हणून प्लिनी हा रोमन ग्रंथकार पहिल्या शतकांतच कुरकुर करून गेला. आपल्याकडील पुतळ्यांची माळ घ्या. व्हेनिस शहराच्या सोन्याच्या नाण्यावर मनुष्याकृति असत. तीं नाणीं व्यापाराबरोबर इकडे आलीं, लोकांनीं त्यांस पुतळी म्हटलें आणि ओवून गळ्यांत घातलीं. व्हेनिसचें राज्य नेपोलियननें १७९७ सालीं बुडविलें. त्याच्या नाण्याचा घाट मात्र आमच्याकडे लग्नाच्या यादींत अजून टिकून आहे.

परंतु सोन्याच्या आधीं चांदीची हकीकत सांगितली पाहिजे. पांढरपेशा घरांत सोनें असेल. शेतकऱ्याच्या घरची ठेव चांदीचीच असे. १८९३ पूर्वीं कोणीहि चांदी टांकसाळींत न्यावी, थोडीशी घडणावळ द्यावी आणि रुपये पाडून घ्यावे अशी मुभा होती. रुपया वजनानें एक तोळ्याचा व त्यांत बारांतले अकरा भाग चांदी. तेव्हां बायकोच्या पायांतले वाळे म्हणजे जवळजवळ तितक्या तोळ्यांचे रुपयेच होत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत अशी पुष्कळ चांदी मुंबईच्या टांकसाळींत वितळली, तिचे रुपये झाले आणि रुपयांचें धान्य झालें. ही सोय मोडली ती कोणामुळें? पाहूं गेल्यास तिचा उगम फ्रान्स-जर्मनीच्या १८७०-७१ च्या युद्धांत सांपडतो. विजयी जर्मनीनें फ्रान्सकडून प्रचंड खंडणी घेतली, नव्या साम्राज्यासाठीं सोन्याचें चलन सुरू केलें आणि जुनें चांदीचें नाणें विकावयास काढलें. युरोपांतील दुसऱ्या राष्ट्रांनीं तोच कित्ता गिरविला. इकडे अमेरिकेंत नेव्हाडाच्या खाणींतून चांदी लोटतच होती. चांदी घसरली, आणि तिच्याबरोबर चांदीचा रुपयाहि घसरला. पूर्वीं दोन शिलिंगांच्या आसपास असणारा रुपया १८९२-९३ सालीं १ शिलिंग ३ पेन्सांवर येऊन ठेपला.

आतां हिंदुस्थान सरकारला विलायतेंत पेन्शनें, कर्जाचें व्याज व असाच बाकीचा खर्च पौंडांत भागवावा लागे. रुपया दोन शिलिंगांचा असतांना एका पौंडास दहा रुपये पुरत. सव्वा शिलिंगाचा झाल्यावर सोळा लागूं लागले. वरचे सहा रुपये अखेर रयतेच्याच गांठीचे. नुसते कर वाढवावे तर असंतोषाची भीति, म्हणून सरकारनें निराळी युक्ति काढली. २६ जून १८९३ रोजीं टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद झाल्या. नाणें दुर्मिळ करून त्याची किंमत वर खेचावयाची, असा तो डाव होता. आणि कांहीं वर्षांनीं तो साधलाहि, रुपया १ शिलिंग ४ पेन्सांवर स्थिर झाला. पण त्या दिवसापासून रुपया व चांदी यांची फारकत झाली. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हां तेच वाळे घेऊन शेतकरी पुन्हां निघाला; टांकसाळीचें दार लागलेलें होतें. रुपयाभर वजनाच्या चांदीला बाजारांत दहाअकरा आण्यांच्या आसपास भाव होता, आणि सावकार आपला वाटा कापून घेणार तो वेगळाच. ज्यांनीं युद्ध जिंकलें त्यांना सोलापूर जिल्ह्याचें नांवहि ऐकून ठाऊक नसेल.

यानंतरची मोठी गोष्ट १९३१ ची. ती समजण्यासाठीं चार वर्षें मागें जावें लागतें. हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या रॉयल कमिशननें १९२६ सालीं शिफारस केली कीं रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठेवावा. कमिशनचे सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं आपला विरोध नोंदवून १ शिलिंग ४ पेन्सांचा आग्रह धरला. पण १९२७ च्या कायद्यानें १८ पेन्सच कायम झाले. दोन पेन्सांसाठीं एवढी कटकट कशाला, असें पुष्कळांना त्या वेळींहि वाटलें असेल. हिशेब अगदीं सोपा आहे. आपला कापूस लिव्हरपुलांत एका पौंडाला विकला गेला तर १६ पेन्सांच्या दरानें शेतकऱ्याच्या बाजूला पंधरा रुपये येतात. १८ पेन्सांच्या दरानें तेरा रुपये पांच आणे चार पै येतात. सारा, व्याज आणि जुनें कर्ज मात्र रुपयांतच ठरलेलें असल्यामुळें तें एका पैनेंहि कमी होत नाहीं. उलटपक्षीं विलायती माल स्वस्त पडतो आणि विलायतेस पैसे पाठविणाऱ्या सरकारची सोय होते. कोणाचें हित कोणाच्या पारड्यांत पडलें हें सांगावयास अर्थशास्त्राची पदवी नको. याच कायद्यानें सरकारनें सोनें विकत घेण्याचा भावहि ठरविला: तोळ्यास २१ रुपये ३ आणे १० पै.

१९२९ च्या शेवटीं न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि मंदी जगभर पसरली. शेतमालाचे भाव दोनतीन वर्षांत इतके उतरले कीं कित्येक जिनसा निम्म्या किमतीस जाऊं लागल्या. मे १९३१ मध्यें ऑस्ट्रियाची एक मोठी पेढी बुडाली. तिच्या धक्क्यानें जर्मनीच्या पेढ्या हादरल्या, आणि जर्मनीस पैसे देऊन बसलेल्या लंडनवर लोकांचा विश्वास उरला नाहीं. मजूर पक्षाचें मंत्रिमंडळ गेलें, राष्ट्रीय मंत्रिमंडळ आलें, काटकसर म्हणून पगार कापले, तों आरमाराच्या खलाशांनींच काम नाकारलें. ब्रिटिश खलाशी आज्ञा मानीत नाहींत ही बातमी फुटल्यावर लंडनमधून सोनें अधिकच धांवत सुटलें, आणि २१ सप्टेंबर १९३१ रोजीं इंग्लंडनें सुवर्णचलन सोडून दिलें. त्या सुमारास गांधीजी गोलमेज परिषदेसाठीं लंडनमध्येंच होते. हिंदुस्थानच्या रुपयाचें आतां काय करावयाचें हा प्रश्न तत्काळ उभा राहिला. सिमल्याचा कल रुपया मोकळा सोडावा असा, लंडनचा निर्णय तो पौंडाशीं बांधून ठेवावा असा. अर्थात् लंडनचाच निर्णय टिकला. पौंड जसा खालीं घसरला तसा त्याला बांधलेला रुपयाहि सोन्याच्या हिशेबानें घसरला. म्हणजेच रुपयांत मोजलेलें सोनें महागलें. एकवीस रुपयांचा तोळा वर्ष संपण्यापूर्वीं तीस रुपयांच्या आसपास गेला.

मग जें झालें तें आपल्या देशाच्या इतिहासांत पूर्वीं कधीं झालें नव्हतें. शतकानुशतकें ज्या देशांत सोनें नुसतें येत होतें त्या देशांतून तें बाहेर वाहूं लागलें. खेड्यांतला सोनार किंवा वाणी दागिने घेई, तालुक्याचा व्यापारी ते एकत्र करी, मुंबईस त्यांच्या लगडी होत आणि त्या बोटींवर चढत. पहिल्या एका वर्षांतच सुमारें ५८ कोटी रुपयांचें सोनें गेलें, आणि पुढील पांचसहा वर्षांत हा आंकडा तीनशें कोटींच्या घरांत पोंचला. इंग्लंडचे अर्थमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांनीं खाजगी पत्रांत या प्रकाराचें वर्णन हिंदुस्थानच्या कपाटांत लागलेली सोन्याची खाण, अशा अर्थाच्या शब्दांनीं केलें. त्यांचा आनंद समजण्यासारखा आहे. याच सोन्याच्या आधारानें पौंडास बळ आलें आणि लंडनला आपलीं देणीं फेडतां आलीं.

या निर्गतीवर बंदी घाला अशी मागणी हिंदी व्यापारी मंडळांनीं एकसारखी चालविली होती. सरकारचें, म्हणजे फडणिशी सांभाळणारे सर जॉर्ज शुस्टर यांचें म्हणणें असें कीं, लोकांनीं एकवीस रुपयांत घेतलेलें सोनें तीस रुपयांत विकून फायदा करून घेतला तर त्यांना अडवावें कां? वादाच्या दोन्ही बाजूंना कांहीं तथ्य आहे हें आज कबूल करण्यास हरकत नाहीं. शहरांतील ज्या धनिकांनीं भाव पाहून विकलें त्यांना खरोखर फायदा झाला. परंतु विकणारांची मोठी रांग त्यांची नव्हती. ज्वारीला भाव नाहीं, कापसाला गिऱ्हाईक नाहीं, साऱ्याचा हप्ता आणि सावकाराचें व्याज तसेंच उभें. अशा वेळीं सुनेच्या हातांतलें जें निघालें तें भाव चढला म्हणून निघालें असें म्हणणें म्हणजे अन्न महाग झालें म्हणून मनुष्य उपास करतो असें म्हणण्यासारखें आहे. त्याला फायदा म्हणावयाचा कीं लाचारी म्हणावयाची हें ज्यानें त्यानें ठरवावें. आमचें मत लपविण्याचें कारण नाहीं: सरकारनें तें सोनें स्वतः बाजारभावानें विकत घेऊन हिंदुस्थानच्या गंगाजळींत ठेविलें असतें तर गरजूंना पैसाहि मिळाला असता आणि देशाची ठेवहि देशांत राहिली असती. रिझर्व्ह बँक त्यानंतर चारच वर्षांनीं, १९३५ सालीं निघाली. तिच्या पायाला तें उपयोगी पडलें असतें.

गंमत अशी कीं, त्याच काळांत अमेरिकेनें अगदीं उलट मार्ग धरला. एप्रिल १९३३ मध्यें अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं नागरिकांना आपल्याजवळील सोनें सरकारजमा करण्याचा हुकूम सोडला, आणि पुढल्या वर्षीं औंसाचा भाव २०.६७ डॉलरांवरून ३५ डॉलरांवर नेला. दागिन्यांना मात्र त्यांनीं हात लावला नाहीं. आमच्याकडील बायकांनीं हें वाचलें असतें तर सोनें लगडींत न ठेवतां बांगड्यांत ठेवण्याचा आपला परंपरागत शहाणपणा त्यांनीं नवऱ्यांना नक्कीच ऐकविला असता.

स्वराज्य आलें म्हणून पेटी निर्धास्त झाली असें नाहीं. ऑक्टोबर १९६२ मध्यें चीनचें आक्रमण झालें. संरक्षणनिधीला बायकांनीं अंगावरचे दागिने उतरवून दिले, हें ज्यांच्या स्मरणांत आहे ते आतां ऐंशीच्या घरांत असतील. तें दान स्वेच्छेचें होतें आणि कोणीं त्याचा हिशेब मागितला नाहीं. परंतु परदेशी चलनाची टंचाई एवढ्यानें भागणारी नव्हती. सरकारनें सुवर्णरोखे काढले. दहा ग्रॅमला ५३ रुपये ५८ पैसे, म्हणजे आंतरराष्ट्रीय दरानें, सोनें जमा करून घेऊं असें जाहीर केलें. बाजारांत तेव्हां त्याच्या सुमारें दुप्पट भाव होता. देशभक्ति मोठी असली तरी शंभराचा माल पन्नासांत कोण घालतो? मग जानेवारी १९६३ मध्यें अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनीं सुवर्णनियंत्रणाचे नियम आणले. चौदा कॅरटांहून अधिक शुद्धतेचा नवा दागिना घडवावयाचा नाहीं, आणि दागिन्यांव्यतिरिक्त सोनें असेल तें सरकारला कळवावयाचें. हेतु वाईट नव्हता. सोन्याची हाव कमी झाली कीं चोरून येणारें सोनें थांबेल आणि परदेशी चलन वांचेल, असा विचार होता.

कागदावर बिनचूक वाटणाऱ्या या विचारांत एक गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे सोनार. चौदा कॅरटचें सोनें कठीण. जुन्या हत्यारांनीं व जुन्या हातांनीं त्यावर बारीक काम होत नाहीं, आणि लग्नाच्या मंगळसूत्राला तसलें सोनें कोणी मागतहि नाहीं. पिढ्यान् पिढ्या फुंकणी व ऐरण यांवर जगणाऱ्या लक्षावधि कारागिरांचे शेगडींतले निखारे एका हुकुमानें विझले. त्यांच्यांतील उपासमारीच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या त्या वर्षीं लागोपाठ येत होत्या. ज्या शत्रूशीं लढण्यासाठीं नियम निघाले तो हिमालयापलीकडे राहिला, आणि घाव बसला तो आळींतल्या सोनारावर. वर्ष पुरें होण्याच्या आंत नियम सैल करावे लागले. चौदा कॅरटची अट १९६६ सालीं उठली. नियंत्रण मात्र १९६८ च्या कायद्यानें पक्कें झालें आणि १९९० पर्यंत राहिलें. दरम्यान दुबईकडून गलबतें येत, कोंकणच्या किनाऱ्यावर रात्रीं उतरत, आणि दहा तोळ्यांचीं बिस्किटें खास शिवलेल्या जाकिटांच्या खिशांतून मुंबईस जात. सरकारला हवा होता तो वसूल बुडाला आणि नको होता तो धंदा फोफावला.

१५ ऑगस्ट १९७१ रोजीं अध्यक्ष निक्सन यांनीं डॉलरच्या बदल्यांत परराष्ट्रांना सोनें देणें बंद केलें. व्हिएतनामच्या युद्धाचा खर्च आणि अमेरिकेची तुटीची राहणी यांनीं तो दिवस आणला होता. ३५ डॉलरांचा औंस १९८० च्या जानेवारींत ८५० डॉलरांना स्पर्श करून आला. त्यापूर्वींच्या पिढीनें मुलींच्या लग्नासाठीं जपून ठेवलेल्या चार तोळ्यांची किंमत कोणाच्याहि कर्तबगारीवांचून वाढली. आणि ज्यांच्या मुली तेव्हां उपवर झाल्या होत्या त्यांना ती जड गेली.

आतां १९९१ कडे येऊं. कारण त्या वर्षीं घरांतल्या बाईनें करावें तें खुद्द सरकारनें केलें. २ ऑगस्ट १९९० रोजीं इराकनें कुवेत गिळला. तेलाचा भाव दोनतीन महिन्यांत सुमारें दुप्पट झाला. कुवेतमधील आपल्या लाखांहून अधिक लोकांना विमानांनीं परत आणावें लागलें. ते घरीं पाठवीत असलेला पैसा थांबला तो निराळाच. आपला मोठा गिऱ्हाईक जो सोव्हिएट संघ, तोच मोडकळीस आलेला. दिल्लींत एक मंत्रिमंडळ नोव्हेंबरांत पडलें, दुसऱ्याला फेब्रुवारींत पुरतें अंदाजपत्रकहि मांडतां आलें नाहीं, आणि निवडणुकीच्या धामधुमींत २१ मे १९९१ रोजीं राजीव गांधींची हत्या झाली. परदेशीं ठेवी असणारांनीं त्या काढून नेल्या. दोनतीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढेंच परकी चलन शिल्लक उरलें. संसारांत असा प्रसंग आला म्हणजे काय करतात हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. जप्त केलेलें वीस टन सोनें स्टेट बँकेमार्फत पुन्हां विकत घेण्याच्या बोलीवर स्विस बँकेला विकलें. त्यानंतर जुलैंत रिझर्व्ह बँकेनें स्वतःच्या साठ्यांतलें सुमारें ४७ टन मुंबईहून विमानानें परदेशीं रवाना केलें आणि त्यावर बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांजकडून सुमारें चाळीस कोटी डॉलर उचलले. त्याच महिन्यांत दोन हप्त्यांत रुपयाचें अवमूल्यन झालें, आणि नवे अर्थमंत्री डॉ. मनमोहनसिंग यांनीं परवान्यांच्या राज्याची घडी मोडण्यास आरंभ केला. सोनें गहाण टाकल्याची बातमी फुटली तेव्हां देशांत जी हळहळ झाली ती आंकड्यांकडे पाहतां थोडी अधिकच होती. रक्कम कांहीं अवाढव्य नव्हती. पण राष्ट्रीय तूट हा शब्द ज्यांनीं कधीं उच्चारला नव्हता त्यांनाहि घरचें सोनें गहाण पडलें हें वाक्य कळलें. आमच्या मतें पुढच्या सुधारणा लोकांनीं मुकाट्यानें सोसल्या त्याचें एक कारण हेंच होय.

कर्ज लवकरच फिटलें. सोनें मात्र परदेशांतच ठेवण्यांत आलें. पुढें २००९ सालीं रिझर्व्ह बँकेनें आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोनें ६७० कोटी डॉलरांना रोख घेतलें, तेव्हां १९९१ ची आठवण असणाऱ्या पुष्कळांना बरें वाटलें असावें.

त्यानंतरचे हेलकावे वाचकांच्या डोळ्यांसमोरचेच आहेत. मे २०१३ मध्यें अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षांनीं पैशाचा ओघ आंवरता घेण्याचें नुसतें सूतोवाच केलें आणि ऑगस्टअखेर आपला रुपया डॉलरला ६८ पर्यंत लोळला. सोन्याची आयात रोखण्यासाठीं सरकारनें त्या वर्षीं जकात तीनदां वाढवून दहा टक्क्यांवर नेली, आणि चोरटें सोनें पुन्हां दिसूं लागलें. फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली. पाश्चात्त्य राष्ट्रांनीं रशियाची सुमारें तीस हजार कोटी डॉलरांची परदेशांतील ठेव गोठवून टाकली, तेव्हां दुसऱ्याच्या तिजोरींतला पैसा आपला नव्हे ही गोष्ट प्रत्येक देशाच्या मध्यवर्ती बँकेला एकाच वेळीं उमगली. त्यांनीं सोनें घेण्याचा सपाटा लावला; पुढील तीन वर्षें दरसाल हजार टनांहून अधिक. २०२३-२४ सालीं रिझर्व्ह बँकेनेंहि लंडनमध्यें ठेवलेल्या सोन्यापैकीं सुमारें शंभर टन घरीं आणलें. जुलै २०२४ च्या अंदाजपत्रकांत जकात पंधरा टक्क्यांवरून सहांवर उतरली, भाव एकदोन दिवसांत कांहीं हजारांनीं खालीं आला आणि सराफकट्ट्यांत गर्दी उसळली. ज्यांनीं आणखी उतरण्याची वाट पाहिली त्यांना २०२५ च्या एप्रिलांत दहा ग्रॅमला एक लाख रुपये हा आंकडा पाहावा लागला. त्या महिन्यांत अमेरिकेच्या अध्यक्षांनीं साऱ्या जगाच्या मालावर जकाती जाहीर केल्या होत्या.